पाठ माझी दुखते, मग गोळी डिप्रेशनची का?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून ४४ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्या पतसंस्थेत कॅशियर आहेत. घरात यजमान, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. चार वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर माळ्यावरचा भांड्यांचा डबा उतरवताना कंबरेत चमक भरली, ती आजतागायत गेलेली नाही. तीन डॉक्टर झाले, मालिश झाली, वजनं लावून झाली, कंबरेचा पट्टा तर रोजचाच. एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली चकती फुगणं) आणि ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ (झीज) निघाले. नसेवर दाब नाही, ऑपरेशनची गरज नाही असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि ड्युलोक्सेटीन नावाची गोळी लिहून दिली. मेडिकलमध्ये काम करणारा भाचा म्हणाला, ‘मावशी, ही तर डिप्रेशनची गोळी.’ पाचव्या दिवशी ताईंनी ती बंद केली. सासूबाई म्हणतात, ‘मनावर घेतलं की सगळंच दुखतं.’ मुलगी म्हणते, ‘आई, तू सारखी चिडतेस.’ झोप उडाली आहे, भिशी आणि भजनी मंडळ सुटलं आहे. ताई विचारतात : ‘माझं दुखणं मनाचं आहे का? ती गोळी घेतली तर मी वेडी आहे हे कबूल केल्यासारखं नाही का? नोकरी सोडून पूर्ण विश्रांती घेऊ का? पुण्याला जाऊन ऑपरेशन करून टाक, असं भाऊ म्हणतो. असं किती दिवस काढायचे?’

उत्तर :

ताई,

तुमचं निम्मं पत्र पुराव्यांनी भरलेलं आहे. एमआरआयच्या ओळी जशाच्या तशा उतरवल्यात, कुठले डॉक्टर काय म्हणाले ते महिन्यांसकट दिलंय. ‘ह्यांना विचारा, रात्री मी किती वेळा उठते’ असंही एके ठिकाणी लिहिलंय. स्वतःच्याच घरात साक्षीदार उभे करायची पाळी आली की माणूस दुखण्याइतकाच त्यानेही थकतो. मला पुरावा नको. दुखतंय असं तुम्ही म्हणता, तेवढं पुरे. आणि हा माझा चांगुलपणा समजू नका. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या नव्याने लिहिली, तेव्हा सोबत हेही स्पष्ट केलं की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या शब्दाचा मान राखायला हवा.

मात्र तुमचा मूळ प्रश्नच मला थोडा उसवायचा आहे. दुखणं शरीराचं की मनाचं, असं तुम्ही विचारता. सासूबाईंनीही तोच प्रश्न धरला आहे, फक्त त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. दोघींनी गृहीत धरलंय की दोहोंपैकी एकच काहीतरी असणार. आणि मनाचं निघालं तर ते खोटं, किंवा नाटक, किंवा वेड.

शरीरात प्रत्यक्ष घडतं ते असं. कंबरेतल्या नसा वर नुसते इशारे पाठवतात. त्या इशाऱ्यांना किती महत्त्व द्यायचं, त्यांची कळ करायची की ते सोडून द्यायचे, हे मज्जारज्जू आणि मेंदूत ठरतं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा संशोधकांनी १९६५ मध्येच मांडलं होतं, की मज्जारज्जूत या इशाऱ्यांसाठी जणू एक फाटक असतं आणि मेंदूकडून खाली येणारे निरोप ते उघडतात किंवा लोटून घेतात. पुढे तपशील बरेच बदलले, पण वरून खाली येणाऱ्या निरोपांची गोष्ट टिकली. भीती, जागरण, चीड, एकटेपणा यांनी फाटक सताड उघडं राहतं. म्हणजे मुलीची सहामाही, पतसंस्थेतलं मार्चएंड आणि रात्रीची दोन-तीन तासांची झोप यांनी तुमची कळ खरोखर वाढते. ‘वाढल्यासारखी वाटते’ असं मी म्हणत नाही.

ताजी दुखापत आठवड्या-महिन्यांत भरून येते. दुखणं तीन महिन्यांच्या पुढे टिकलं की त्याला जुनाट म्हणतात, आणि तिथून पुढे बऱ्याच जणांत बिघाड इशारे देणाऱ्या यंत्रणेतच होतो. मांजर टपावर चढलं तरी गाडीचा अलार्म गल्लीभर केकाटतो, तसं काहीसं. आवाज खरा असतो, कान किटतात, पण चोर दरवेळी असतोच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झालं, जुनाट वेदनेची स्वतंत्र नोंद झाली आहे.

आता एमआरआय. ‘डीजनरेटिव्ह’ या शब्दाने तुम्ही धसका घेतलाय हे दिसतं. ‘मणके झिजत चाललेत, आता कायमचं अंथरूण’ असं तुम्ही लिहिलंय. ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांचे स्कॅन एकत्र पाहणारा एक आढावा २०१५ मध्ये आला. त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांना डिस्क बल्ज होता आणि सुमारे दोन तृतीयांश लोकांना डिस्कची झीज. दुखणं मात्र कुणालाच नव्हतं. तुमच्या पतसंस्थेतल्या चाळिशीच्या सगळ्यांना रांगेने मशीनमध्ये घातलं, तर निम्म्यांचे रिपोर्ट तुमच्यासारखेच येतील. त्यामुळे ‘नसेवर दाब नाही’ हे डॉक्टरांचं वाक्य ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ऐकू नका. पाठ हलवल्याने मोडणार नाही, हा त्याचा अर्थ आहे आणि तो तुमच्या फार कामाचा आहे.

तर ती गोळी. (मेडिकलमधल्या भाच्यांना प्रत्येक गोळीचा एक उपयोग पाठ असतो आणि तेवढा सांगायला ते फार तत्पर असतात.) ड्युलोक्सेटीन डिप्रेशनसाठी देतात हे खरं आहे. डिप्रेशन नसलेल्या माणसालाही ते जुनाट पाठदुखीसाठी, मधुमेहातल्या पायांच्या आगीसाठी, फायब्रोमायल्जिया या अंगभर दुखण्याच्या जुनाट आजारासाठी देतात. मज्जारज्जूत वरून येणारे जे निरोप मी म्हटले, ते सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या दोन रसायनांवर चालतात आणि ही गोळी नेमकी त्यांवर काम करते. ॲमिट्रिप्टिलिन या डिप्रेशनच्या दुसऱ्या गोळीचंही तसंच. डिप्रेशनसाठी ती ७५ मिलिग्रॅमच्या पुढे लागते, दुखण्यासाठी बहुतेकदा १० किंवा २५ पुरते.

तुम्ही ड्युलोक्सेटीन पाचच दिवस घेतलीत. सुरुवातीला मळमळतं, तोंड कोरडं पडतं, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे जातात. म्हणजे त्रास तुमच्या वाट्याला आला आणि फायद्याची वेळ येण्याआधीच गोळी सुटली. घ्याच असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरांनी आणि तुम्ही मिळून ठरवायचं. सगळ्यांना तिचा गुण येत नाही. येतो त्यांनाही बहुधा थोडा येतो, दुखणं पुसलं जात नाही. पण नको म्हणायचं असेल तर या कारणांनी म्हणा, वेडाच्या भीतीने नको. आणि घरात उरलेली पाकिटं आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. तुम्ही लिहिलंय की ‘मेडिकलमधून पेनकिलर आणते, रोज एक तरी लागतेच.’ ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक आहे का? डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना त्या भोवू शकतात. ड्युलोक्सेटीनसोबत त्या घेतल्या तर रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. भाच्याने खरं तर त्या पेनकिलरबद्दल टोकायला हवं होतं.

पत्रातला सगळ्यात मोलाचा मजकूर तुम्ही जाता जाता लिहिला आहे, चार ओळींत. एका शनिवारी सकाळी उठल्यावर कंबर हलकी वाटली. मग तुम्ही पडदे काढून भिजवले, मांडणीवरचे सगळे डबे उतरवून पुसले, दुपारी मिरच्या निवडल्या, संध्याकाळी चपात्या झाल्यावर ओटा घासला. रविवारी बाथरूमपर्यंत भिंत धरून गेलात आणि सोमवारी रजा टाकली. मग आठवडाभर ‘आता काही करायचंच नाही’ म्हणून पडून राहिलात. पुन्हा बरं वाटलं की पुन्हा पडदे.

जुनाट दुखण्याची किती माणसं याच फेऱ्यात सापडतात! बऱ्या दिवशी साचलेलं सगळं उरकायचं, त्याची भरपाई दोन-तीन दिवस करायची. प्रत्येक फेरीत अंगातली ताकद थोडी कमी होते, स्नायू ढिले पडतात, आणि मनात ‘काम केलं की दुखतं’ हे पक्कं होत जातं. मग वाकायची भीती, स्कूटीवरच्या स्पीडब्रेकरची भीती, भजनाला खाली बसायची भीती. वेदनेवरच्या संशोधनात ही साखळी नीट दाखवली आहे : दुखण्याची भीती, म्हणून हालचाल टाळणं, म्हणून अशक्तपणा आणि उदासी, म्हणून आणखी दुखणं.

यावरचा उपाय ऐकायला अगदी साधा आहे, करायला चिवट. तीन-चार दिवस नुसतं पाहा, ओट्यापाशी उभं राहिल्यावर किती मिनिटांनी कळ चढायला लागते. समजा वीस. मग तुमचा हिशोब पंधराचा. पंधरा मिनिटं झाली की, दुखत असो वा नसो, बसायचं किंवा चार पावलं चालून यायचं, मग उरलेलं काम. इथे कंबरेचं ऐकायचं नाही, घड्याळाचं ऐकायचं. तुमच्यासारख्या बाईला हेच जड जातं, कारण ओटा अर्धा पुसून सोडणं आपल्याला शिकवलेलंच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी एक-दोन मिनिटं वाढवा. कणीक बसून मळा. कुकर खालच्या कप्प्यातून हातापाशी आणा. पडदे एका वेळी एका खिडकीचे. आणि ज्या दिवशी छान वाटेल त्या दिवशी ठरलेल्यापेक्षा जास्त काही करायचं नाही. वाईट दिवशीही ठरलेल्यातलं निम्मं तरी करायचं.

चालणं याच हिशोबाने. कुठला व्यायाम उत्तम यावर लोक तावातावाने बोलतात. पाठीसाठी एकच असा राजा व्यायाम सापडलेला नाही. तुम्ही जो टिकवाल तो चांगला. एखाद-दोन वेळा फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या आणि घरी करा. पट्ट्याचं मात्र सांगायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, समजावून सांगणं आणि मानसोपचार यांची शिफारस आहे. पट्टा आणि वजनं लावणं यांची सरसकट शिफारस करू नये, असं म्हटलंय. चार वर्षांचा पट्टा एका दिवसात फेकू नका. रोज अर्धा तास कमी करत जा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी आता उदासीबद्दल. झोप नाही, चिडचिड, भजनात मन रमत नाही, ‘घरच्यांना माझा भार झालाय’. दुखण्यामुळे उदासी येते आणि उदासीमुळे दुखणं सोसायची ताकद जाते. आधी कुठलं आलं हे शोधण्यात फारसा अर्थ नाही, दोन्हीकडून हात घालावा लागतो. समुपदेशकाकडे काही आठवडे गेलात तर ते तुमचं बालपण उकरतीलच असं नाही. ‘आता सगळं संपलं’ हा विचार दिवसात किती वेळा येतो, त्यानंतर तुम्ही काय करता, झोपेची वेळ कशी बसवायची, न चिडता मदत कशी मागायची, अशा रोजच्या गोष्टींवर काम होतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवाही आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं.

‘असं किती दिवस काढायचे’ हे वाक्य मी तसंच पुढे जाऊ देणार नाही. ते वैतागून लिहिलं असेल, तर ठीक. पण त्यामागे जीव नकोसा होणं असेल, रात्री तसले विचार येत असतील, तर आजच यजमानांना किंवा बहिणीला सांगा आणि वरच्या क्रमांकावर फोन करा. तो रात्री-अपरात्रीही चालतो. जुनाट दुखण्यात असे विचार बऱ्याच जणांना येतात आणि लाजेने कुणी बोलत नाही. उपचारांनी ते मागे हटतात.

घरच्यांचं. सासूबाईंना पटवायचा नाद तूर्त सोडा, त्या खटल्याचा निकाल लागणार नाही. यजमानांबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘सारखं दुखतंय का विचारतात त्याचाही राग येतो, नाही विचारलं तर त्याचाही.’ राग रास्त आहे. दिवसातून पाच वेळा ‘दुखतंय का?’ म्हटलं की पाच वेळा लक्ष कंबरेकडेच जातं. त्यांना सांगा, तसं विचारण्याऐवजी ‘आज चालायला जायचं का?’ असं विचारा, आणि सोबत चला. एक काम कायमचं त्यांच्याकडे द्या. सिलिंडर बदलणं किंवा माळा, काहीही. पण दर वेळी विनंती करावी लागू नये असं. मुलीला खरं सांगा. ती पंधरा वर्षांची आहे, तिला कळतं. ‘दुखतं तेव्हा माझा आवाज चढतो, तुझ्यावर राग नसतो’ एवढं एकदा शांतपणे म्हटलं, तरी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. नाहीतर मुलं गुपचूप असा समज करून घेतात की आई आपल्यामुळेच आजारी आहे.

नोकरी सोडू नका. निदान आत्ता, या अवस्थेत तर नकोच. घरी बसलात की विश्रांती मिळेल असं तुम्हाला वाटतंय. मला दिसतो तो दिवसभर अंथरूण, कंबर आणि सासूबाईंचं वाक्य. पतसंस्थेत तुम्हाला माणसं भेटतात, हातात स्वतःचा पैसा असतो, आणि त्या नऊ तासांत तुमची ओळख ‘पाठदुखीवाली’ एवढीच नसते. आधी मागून पाहा : काउंटरवरचं उंच स्टूल बदलून पाठ टेकेल अशी खुर्ची, तासाला दोन मिनिटं उठायची मुभा, नाण्यांच्या पिशव्या उचलायला शिपाई. व्यवस्थापक नाही म्हणालेच तर मग रजा, कामाची अदलाबदल, हे पर्याय आहेत. राजीनामा सगळ्यात शेवटी.

ऑपरेशनचं तितकंच थोडक्यात. कळ पायात उतरत असेल, पायाची ताकद जात असेल, नस दबलेली असेल, तर ऑपरेशनने खरा फायदा होतो. नुसत्या जुनाट कंबरदुखीत, नसेवर दाब नसताना, त्याची खात्री कुणी देऊ शकत नाही. भावाच्या समाधानासाठी दुसरं मत जरूर घ्या, फक्त सर्जनला विचारा : ‘माझ्यासारख्या रुग्णात एका वर्षाने काय फरक पडलेला असेल? नाही केलं तर काय बिघडेल?’ उत्तर गुळमुळीत आलं तर घरी या.

काही लक्षणांना मात्र थांबायचं नाही : लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पाय लुळा पडत जाणं. यांत त्याच दिवशी रुग्णालय. बारीक ताप, वजन उतरणं, रात्री पडल्यावरही न थांबणारी कळ असेल तर तपासणी लांबवू नका. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून पुष्कळ दिसतो. तुमच्या पत्रात रात्री उठण्यापलीकडे यातलं काही नाही (ते उठणं कळीमुळे असेल तर डॉक्टरांना सांगा), पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला असेल.

पुढच्या भेटीला जाताना एमआरआयच्या फाइलवर एक कागद ठेवा. किती वेळ बसता येतं, किती वेळ उभं राहता येतं, झोप किती तास, आठवड्यात पेनकिलर किती, गोळी पाचव्या दिवशी का सोडली, आणि सगळ्यात आधी काय परत हवंय. शेवटच्या ओळीत ‘दुखणं शून्य व्हावं’ असं लिहू नका. ‘भजनी मंडळात पाऊण तास बसता यावं, खुर्चीवर का होईना’ असं लिहा. डॉक्टरांची मोजकीच मिनिटं मिळतात, त्यांत हा कागद फिल्मपेक्षा जास्त कामाला येतो. आणि यजमानांना सोबत न्याल ते आत न्या, बाहेरच्या बाकड्यावर बसवून नको. डॉक्टर जे सांगतील ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, की घरी गेल्यावर सासूबाईंना समजावायचं काम त्यांच्याकडे देता येईल.